तीन डबे, एक प्रवासी

माझं काम नेमकं काय आहे, हे आमच्या गावात कुणालाच धड सांगता येत नाही. वहिनी सांगते, "ताई मेट्रोत आहे," मग लोकांना वाटतं मी मेट्रो चालवते. भाऊ "इंजिनेर हाये" म्हणून विषय संपवतो. आई मात्र सांगते, "गाड्या कुठी थांबवाच्या अन् कुठी नाई, थे माही पोरगी ठरवते." आईचं उत्तर सगळ्यात बरोबर आहे, फक्त ती ते अशा आवाजात सांगते की ऐकणाऱ्याला वाटावं, पोरगी कोर्टात जज्ज आहे.

शहर पसरत चाललंय. मेट्रोचे मार्ग पुढे न्यायचे, मेट्रो जिथे संपते तिथून पुढच्या वस्त्यांसाठी जलद बस सोडायची, त्या बसला रस्त्याच्या मधोमध तिची स्वतःची मार्गिका द्यायची, असं ते मोठं काम. त्यात माझा वाटा छोटा. जुन्या बस ज्या ज्या ठिकाणी थांबतात, त्यांतले कुठले थांबे नव्या मार्गावर ठेवायचे आणि कुठले गाळायचे, याची यादी मी करते. थांबे गाळल्याशिवाय बस जलद होत नाही, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात. प्रत्येक थांब्यावर आमची मुलं तीन दिवस तक्ता घेऊन उभी राहतात. तक्त्यात दोन रकाने असतात, 'चढले' आणि 'उतरले'. ज्या थांब्यापुढे आकडे लहान, त्याला मी लाल रंग लावते. खोटं कशाला बोलू, मला त्यात मजा यायची. ऑफिसात मला 'कात्री' म्हणतात आणि मला त्याचा कधी राग आला नाही.

दिवाळी झाली आणि आईचा मोतीबिंदू काढला. मी लॅपटॉप उचलून घरी आले. शेवटच्या टप्प्याची यादी करायची होती, ती कुठूनही करता आली असती. आमचं गाव लोणार आणि सुलतानपूरच्या मधे, डांबरी रस्त्यापासून थोडं आत. दोन्हीकडे अंतर सारखंच, सहा-सहा किलोमीटर. पडवीत मेथीच्या जुड्या बांधायचं काम चालायचं आणि त्याच पडवीत एका कोपऱ्यात बसून मी थांबे गाळत असायचे. आई काळा चष्मा लावून शेजारी बसायची आणि मला विचारायची, "आज किती काटले?"

आता डब्यांचं सांगते. आमच्याकडे बाहेरगावी शिकणाऱ्या पोरांचा डबा गाडीवर जातो. गाडीवर म्हणजे एसटीवर. सकाळी फाट्यावर गाडीला हात दाखवायचा, डबा ड्रायव्हरच्या हातात द्यायचा. इंजिनाच्या झाकणावर गावोगावचे डबे ओळीने बसलेले असतात, प्रत्येकावर ऑइलपेंटने नाव. गाडी बुलढाण्याला पोचली की पोरं स्टँडवर उभीच असतात, आपापला डबा ओळखून घेतात. रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीने परत. यात कुणी पावती देत नाही, कुणी पैसे घेत नाही, आणि डबा हरवल्याचं मी तरी कधी ऐकलं नाही.

मी स्वतः अकरावी-बारावी अशीच शिकले. बुलढाण्याला खोली आणि गाडीवरून डबा. तेव्हा फोन नव्हता, म्हणून रिकाम्या डब्यात मी चिठ्ठी टाकायचे. आईला वाचता येत नाही, बाबा वाचून दाखवायचे. काय लिहायचे मी? "भाकरी कडक होती." "चटणी संपली." "रोज रोज वांगं नको." दोन वर्षं हेच. आता आठवलं की माझंच मला कसंनुसं होतं, पण तेव्हा सतरा वर्षांची होते आणि भूक लागायची.

आता भावाची मुलगी तिथेच बारावीला आहे. गावातल्या आणखी दोघी तिच्याबरोबर, तिघी एका खोलीत. घरमालकीण खोलीत गॅस ठेवू देत नाही. तिघींच्या बापांनी मिळून एक गोष्ट ठरवून घेतली होती, पोरी राहतील तर घरच्या डब्यावर राहतील. संध्याकाळी मेस शोधत पोरींनी गल्ल्या फिरायच्या नाहीत. मला ते पटत नव्हतं, पण निदान शिकू तरी देत होते, म्हणून मी तोंड बंद ठेवलं होतं. दोघींच्या आया सकाळी आपापले भरलेले डबे आमच्या घरी आणून द्यायच्या, आणि आई ते तिन्ही डबे घेऊन फाट्यावर जायची. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी आराम सांगितला तर आई म्हणाली, "डोयाचं आपरेशन झालं, पायाचं नाई."

एके दिवशी आई तिन्ही डबे भरलेलेच घेऊन परत आली.

"थांबली नाई," ती म्हणाली. "हात दाखवला. ड्रायव्हरनं बी हात दाखवला अन् गेला."

दुसऱ्या दिवशी मी बरोबर गेले. फाट्यावर एक बाभूळ आहे आणि पंक्चरवाल्याचं बंद पडलेलं दुकान. पावणेसातला गाडी आली. काचेवर नवी पाटी होती, 'जलद'. आई रस्त्याच्या इतकी पुढे गेली की मी तिला पदराला धरून मागे ओढलं. ड्रायव्हरने गाडी जरा हळू केली, खिडकीतून ओरडला, "आजी, आता सुलतानपूरलेच थांबा हाये! आमच्या हाती नाई!" आणि निघून गेला. आई काळ्या चष्म्याआडून माझ्याकडे बघत राहिली. मी बाभळीकडे बघत राहिले. 'जलद' ही पाटी कशी तयार होते, ते तिथे उभ्या असलेल्या माणसांत फक्त मला माहीत होतं.

घरी आल्यावर भावाने लगेच निकाल दिला. "मंग पोट्टीले घरी आनतो."

"बारावीचं वर्ष आहे. तीन महिन्यांवर परीक्षा आलीय," मी म्हटलं.

"घरी अभ्यास कर म्हना. परीक्षेपुरती जाईन."

"प्रॅक्टिकल कोण तुझ्या वावरात घेणारे?"

"ताई, मले नोको शिकवू. तिथी काय उपाशी ठेवू का तिले?"

तो वाईट माणूस नाही. पहाटे पाचला मेथी-पालकाची पोती टाकून तो लोणारला भाजीच्या लिलावाला, हर्राशीला जातो, म्हणजे गाडीच्या वेळी तो उलट्या दिशेला असतो. इतक्या सकाळी फाट्यावर ऑटोही मिळत नाही, मग डबे मोटरसायकलवर सुलतानपूरला कोण पोचवणार? गावातली पोरं एक दिवस नेतील, दोन दिवस नेतील, रोज कोण नेणार? पहिल्या आठवड्यात आम्ही ते करून पाहिलं. तीनदा डबे पोचले, तीनदा नाही. भाचीने फोनवर सांगितलं की बिस्किटं खाल्ली, काही नाही होत. हे भावाच्या कानावर गेलं आणि तो रविवारी जाऊन सामान आणायचं बोलू लागला. दुसऱ्या दोघींचे बाप त्याच्याच तोंडाकडे बघत होते. तो आणेल तर तेही आणतील. एकदा घरी आणलेली पोरगी परत खोलीवर जात नाही, हे मी आमच्या गावात इतक्यांदा पाहिलंय की मला झोप लागेना.

"तू तं याच कामात हायेस ना?" आई म्हणाली. "थांबव मंग गाडी."

मी आगारात गेले. मनात ठरवून गेले होते की साहेबाला चांगला फैलावर घ्यायचा. साहेब निघाले सज्जन, माझ्याच वयाचे, टेबलावर आमच्यासारखेच तक्ते. त्यांनी चहा मागवला, माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, तुमच्या फाट्यावर चढतात किती?"

मी चहाचा कप खाली ठेवला. शहरात नगरसेवक यायचे, सोसायट्यांचे सेक्रेटरी यायचे, थांबा ठेवा म्हणून भांडायचे, आणि मी अगदी याच चालीत त्यांना विचारायचे, चढतात किती? आमच्या फाट्यावर कुणीच चढत नाही. ज्याला त्याला मोटरसायकल झालीय. ज्याच्याकडे नाही, तो शेअर ऑटोने जातो.

"चढत नाही कुणी," मी म्हटलं. "डबे चढतात."

ते हसले नाहीत, हे मी विसरणार नाही. म्हणाले, "डब्यासाठी थांबा नाही लिहिता येत मला. प्रवासी दाखवा. महिनाभर रोज एक तरी प्रवासी तुमच्या फाट्यावरून चढला, तर विनंती थांबा म्हणून मी वर पाठवतो. तोवर ड्रायव्हरला सांगतो, माणूस उभा असेल तर घे. पण रोज पाहिजे. चार दिवस खाडा झाला तर मला काही म्हणू नका."

परत येताना ऑटोत मला आमच्या यादीतला एक थांबा आठवला. नव्या मार्गाच्या पार शेवटी, खडीच्या खाणीजवळचा. तीन दिवसांची मोजणी, चढले शून्य, उतरले शून्य. मोजणाऱ्या मुलाने शेऱ्यात लिहिलं होतं, 'गाडी तरी थांबते.' मला तेव्हा ते वाचून हसू आलं होतं. ड्रायव्हर बिडी ओढायला थांबत असेल, असं म्हणून मी लाल रंग लावला होता. आता ऑटोतूनच मी त्या मुलाला फोन लावला.

"अहो, त्या खाणीच्या थांब्यावर गाडी कशाला थांबायची?"

"मॅडम, एक बाई यायच्या. पिशवी द्यायच्या ड्रायव्हरकडे."

"कसली पिशवी?"

"जेवण असेल. पुढे कुणी घेत असेल. मी विचारलं नाही."

"मग तक्त्यात लिहिलं का नाही?"

"कुठे लिहू? चढल्या नाहीत ना त्या."

बरोबरच होतं त्याचं. दोनच रकाने होते आणि ते मीच आखले होते. दोन वर्षं गाडीवरच्या डब्यावर जगलेल्या बाईने तक्ता आखला आणि तिला तिसरा रकाना सुचला नाही, याची मला इतकी लाज वाटली की मी शेजारी बसलेल्या माणसाला उगीचच सरकून बसा म्हणून खेकसले.

घरी आल्यावर मी साहेबांचं म्हणणं सांगितलं. मला वाटलं होतं आई साहेबांच्या सात पिढ्या उद्धरेल. ती फक्त म्हणाली, "प्रवासी पायजे ना? मी हावो ना प्रवासी."

"तू?"

"मले तं तिकीट बी लागत नाई आता. पंच्याहत्तरीच्या वर फुकट हाये. इथून चढतो, डब्बे ठेवतो, सुलतानपूरले उतरतो. ऑटोनं वापस."

"डोळ्याचं ऑपरेशन होऊन महिना झालाय, आई. थंडी पाहिलीस का सकाळची?"

"मंग तू सांग दुसरा प्रवासी."

माझ्याकडे दुसरा प्रवासी नव्हता. वहिनीच्या मागे घर आणि मेथी. मला सकाळी ऑफिसच्या बैठका. दुसऱ्या दोघींच्या आया आठला दुसऱ्यांच्या कापसात हजर पाहिजेत, सुलतानपूरला ऑटो भरेपर्यंत थांबल्या तर दिवसाची मजुरी बुडते. मला तेव्हा एकच गोष्ट खटकली, की आईला हे इतक्या पटकन सुचलं कसं. जराही विचार करायला लागला नाही तिला. पण म्हटलं, हुशारच आहे ती पहिल्यापासून, आणि तो विषय मी सोडून दिला.

दुसऱ्या दिवसापासून आई प्रवासी झाली. स्वेटर, त्यावर शाल, काळा चष्मा, गळ्यात दोरीत अडकवलेलं आधार कार्ड आणि दोन्ही हातांत मिळून तीन डबे. पहिल्या दिवशी कंडक्टर म्हणाला, "आजी, कुठी?" तर म्हणे, "सुलतानपूर. अन् डब्बे बुलढाणा." त्याने तिला शून्य रुपयाचं तिकीट फाडून दिलं. ते तिने घरी आणून मला दाखवलं. "हे पाय. याच्यावर किती लिवलं?" मी म्हटलं, शून्य. "शून्य कसं? मी चढली ना?" मी म्हटलं, पैसे शून्य, माणूस एक. ते तिला पटलं. सगळी तिकिटं ती देवाच्या फोटोमागे खोचून ठेवायला लागली.

सव्वानऊच्या सुमाराला भाचीचा मिस्ड कॉल यायचा. एकदा वाजून बंद पडला की डबा पोचला. त्या मिस्ड कॉलपर्यंत भाऊ लोणारहून आलेला असायचा, आणि मला समजू नये अशा बेताने तो फोनच्या आसपास घुटमळायचा. सामान आणायला जायचा रविवार आला आणि गेला. तो काही बोलला नाही. मीही विचारलं नाही, उगीच त्याला आठवण कशाला?

भाचीला मात्र यातलं काही माहीत नव्हतं. गाडी परत थांबायला लागली, एवढंच आईने तिला सांगितलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात थंडी वाढली आणि आईला खोकला झाला. दोन दिवस ती खोकत खोकत गेली. तिसऱ्या दिवशी पहाटे उठून उभी राहिली आणि परत खाली बसली. मी म्हटलं, "आज मी जाते."

"तुही मीटिंग हाये ना?"

"मेली मीटिंग."

त्या दिवशी भाकरीही मीच थापल्या. तिन्ही डबे घेऊन फाट्यावर उभी राहिले. गाडी आली, थांबली. ड्रायव्हरने विचारलं, "आजी कुठी गेल्या?" मी सांगितलं. मी चढले, तिकीट काढलं, डबे इंजिनाच्या झाकणावर ठेवले. तिथे आधीच लोणारकडच्या आणखी गावांचे डबे होते. झाकण गरम होतं. इतक्या वर्षांत मी या डब्यांचं हे टोक, डबा गाडीत ठेवणाऱ्याचं, कधी पाहिलंच नव्हतं, हे मला तिथे उभ्याउभ्या जाणवलं.

सुलतानपूरला उतरले. ऑटो भरायला वेळ होता म्हणून स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा घेतला. हॉटेलवाले काका आईपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असतील. त्यांनी मला वरून खालपर्यंत न्याहाळलं.

"त्या काया चष्म्याच्या बाई आज नाई आल्या?"

"माझी आई आहे ती. खोकला झालाय."

"अस्सं." त्यांनी कप माझ्यापुढे ठेवला आणि हात तसाच राहिला. "म्हंजे तूच का थे? बुलढाण्याले शिकाले व्हती थे?"

मी म्हटलं, हो, पंचवीस वर्षं झाली त्याला.

"तवा बी अशीच याची तुही माय. याच टायमाले. डब्बा गाडीत ठेवाची अन् इथी उतराची. तवा ऑटो नव्हते ना इतके. पायी जाची वापस."

मला वाटलं त्यांचा काहीतरी घोळ होतोय. "नाही हो काका. तेव्हा गाडी फाट्यावर थांबायची. डबा द्यायचा नुसता."

"पयले पयले थांबत असन. मंग कोनी तरी तक्रार केली म्हने, डब्ब्यासाठी गाडी थांबवते. कंडक्टरनं सांगतलं, बाई, तिकीट काढ, प्रवासी असन तं थांबवतो. मंग तुही माय रोज इथपर्यंत तिकीट काढे. म्या एकदा म्हनलं, बाई चहा घ्या. तं म्हने, तिकिटाचे पैसे देऊन मोकयी झाली, आता चहा कुठून घेऊ? मंग मीच देत जाओ कधी कधी. दोन साल आली बाप्पा. पावसात बी."

बाहेर ऑटोवाला ओरडत होता, लोणार, लोणार, एक सीट. मी उठले नाही. काका म्हणाले, "बाई, जाईन ना तो." मी म्हटलं, जाऊ द्या.

मी चालत निघाले. असं काही ठरवलं नव्हतं. रस्ता सरळ, दोन्हीकडे तूर आणि हरभरा, मधे मधे कापूस. बायका वेचायला लागल्या होत्या. ट्रक गेला की धुळीने तोंड भरायचं. पहिले दोन किलोमीटर मी रागात चालले, कोणावर राग ते सांगता येणार नाही. कंडक्टरवर, बाबांवर, आईवर, चहावाल्यावर. मग चप्पल चावायला लागली आणि राग जाऊन रडू आलं. सायकलवरून जाणाऱ्या एका माणसाने वळून पाहिलं, मी पदराने तोंड पुसलं. मी बेचाळीस वर्षांची आहे. आई तेव्हा एकावन्न वर्षांची होती. घरी पोचून तिला वावरात जायचं असायचं. आणि संध्याकाळी रिकामा डबा यायचा, त्यातली चिठ्ठी बाबा वाचून दाखवायचे, भाकरी कडक होती.

घरी पोचायला दीड तास लागला. आई पडवीत मेथीत बसली होती.

"एवढा वेळ काऊन लागला वं? ऑटो नाई भेटला?"

"चालत आले."

तिने वर पाहिलं. माझ्या पायांकडे पाहिलं, तोंडाकडे पाहिलं. मग परत जुडी बांधायला लागली. "त्या हाटेलवाल्याले बोलाले लय आवडते," एवढंच म्हणाली. मी काही विचारायला तोंड उघडलं तर म्हणाली, "आधी पाय धू." तेवढ्यात फोन एकदा वाजला आणि बंद पडला. "पोचला," आई म्हणाली, आणि खोकली.

दुपारी मी यादी उघडली. खाणीजवळच्या थांब्याचा लाल रंग काढला आणि आमच्या ऑफिसातल्या साहेबांना लिहिलं, हा ठेवावा. त्यांचं उत्तर पाच मिनिटांत आलं. चढतात किती? मी लिहिलं, शून्य, तरी ठेवावा, समक्ष बोलते. समक्ष बोलले, भांडलेही. माझ्या तक्त्यात आता तिसरा रकाना आहे, तो त्यांनी मान्य केला. त्या थांब्याचं अजून ठरायचंय. थांबा गेलाच तर ती पिशवीवाली बाई काय करेल, मला माहीत नाही. पायी जाईल.

उरलेले दिवस मी आईला जाऊ दिलं नाही, म्हणजे तसा प्रयत्न केला. एक दिवस मी, एक दिवस ती, असं भांडून ठरलं. महिना भरला. खाडा एकही नाही. आगारातल्या साहेबांनी शब्द पाळला. काही दिवसांनी ड्रायव्हरने फाट्यावर गाडी उभी करून सांगितलं, "आजी, थांबा आला तुमचा. आता चढू नोका, नुसता डब्बा द्या." आईने डबे दिले, गाडी गेली, आणि ती बाभळीखाली बराच वेळ तशीच उभी राहिली. मग मला म्हणाली, "आता सकाऊन काय करू वं मी?"

त्याच संध्याकाळी रिकामे डबे आले. भाचीच्या डब्यात एक चिठ्ठी होती. फोन हातात असून चिठ्ठी, ही खोड तिने कुठून उचलली कोण जाणे. मी आईला वाचून दाखवली. "आजी, आजची भाकरी कडक झाली होती. उद्या मऊ पाठव."

माझं डोकंच फिरलं. "थांब, लावतेच तिला फोन. सांगते तिला, महिनाभर थंडीत कोण गाडीत चढत होतं, कशासाठी चढत होतं. कळू दे जरा कडक म्हणजे काय ते."

आईने माझ्या हातातून फोन काढून घेतला. काळा चष्मा आता नव्हता. नव्या डोळ्यांनी माझ्याकडे नीट बघत म्हणाली, "नाई. तिले नाई सांगाचं."

"का पण?"

"बह्याड हायेस का? तिले सांगतलं, तं थे उद्याच सामान घेऊन घरी येईन. तुले काऊन नाई सांगतलं मंग?"